करलीचा काटा

माशाच्या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही. आमचं गाव मालवणच्या बाजूचं. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हापासून वाकोल्यात पंचवीस वर्षं मी माशाच्या जेवणाचे डबे केले. बाजारात मला फसवायला कोळणीही दोनदा विचार करायच्या. त्यातून करली माझ्या हातात आली की समोरच्याने गप्प बसावं, असा माझा तोरा. करलीच्या चवीपुढे पापलेटने पाणी भरावं, पण अंगभर काटे. केसासारखे बारीक, काही तर टोकाला दुभंगलेले. ती कापायचीही एक रीत असते. अंगावर अगदी जवळजवळ चरे पाडत जायचं, म्हणजे आतले काटे तुटतात आणि तळल्यावर कुरकुरीत होतात. उरलेले बोटांनी चाचपून काढायचे. मुलाला मी तो दोन वर्षांचा असल्यापासून करली भरवली आणि त्याच्या घशात कधी काटा गेला नाही. हे मी सुनेला निदान शंभर वेळा ऐकवलं असेल.

सून घाटावरची. मटण खाते, मासा बघून घाबरते. माझी नात पाच वर्षांची झाली तरी तिला फक्त सुरमई, तीही मधला काटा काढून. करली नाही, बांगडासुद्धा नाही, असा घरात कायदा होता. मी तो पाळायचे आणि रोज त्यावर कुरकुरायचे. मालवणी रक्ताची पोर आणि खाते काय, तर बिनकाट्याचे तुकडे.

एक गोष्ट मात्र मी कोणालाच ऐकवली नव्हती. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि तो चांगला पिकला होता. आमच्या इमारतीत डोळे तपासायला शिबिर आलं होतं तेव्हा तिथल्या मुलीने सांगितलं, आजी, उशीर करू नका. मी तिचा कागद घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवला. उजव्या डोळ्याने नुसतं पांढरट दिसायचं, डाव्याने जरा बरं. शेजारणीचा डोळा ऑपरेशननंतर पार गेला होता, ते मी जवळून पाहिलं होतं. पण खरी भीती ती नव्हती. डोळ्यांचं कळलं असतं तर घरच्यांनी पहिलं काम माझ्याकडून काय काढून घेतलं असतं, तर नातीला सकाळी रस्त्यापलीकडे शाळेच्या बसपर्यंत सोडणं. डबे बंद झाल्यापासून घरात माझं असं तेवढंच एक काम राहिलं होतं. तेही गेलं असतं तर मी टीव्हीसमोरची म्हातारी झाले असते. म्हणून सहा महिने मी दिसतंय असं दाखवत होते. घरातल्या वस्तू जागच्या जागी असतात, माणसं आवाजावरून कळतात, मासा बोटांना कळतो. निभत होतं.

मनोरीला जायचं मुलाने ठरवलं. त्याच्या ऑफिसातल्या कोणाचा तिथे बंगला होता, एका रविवारी दिवसभर वापरा म्हणाला. नातीला होडीत बसायचं होतं. मोबाइलवर गाडी बोलावली आणि आम्ही चौघं मार्वेला उतरलो. तिथून खाडी ओलांडायला बोट. दहा मिनिटांचा प्रवास, पण मला कोकणात जन्मून पाण्याची भीती. धक्क्यावरून बोटीत पाय टाकताना मधलं पाणी किती रुंद आहे ते मला कळेना. मी तिथेच अडले. मागून गाड्या बोटीत चढवायला थांबलेले मोटारसायकलवाले ओरडायला लागले. मुलगा म्हणाला, "आई, काय गं, चल ना, कोकणची ना तू?" मी त्याला चार शब्द सुनावले आणि त्या रागाच्या भरात पाय टाकला. नशिबाने तो फळीवरच पडला. नात हसून टाळ्या वाजवत होती. पलीकडे पोहोचेपर्यंत मी बोटीची कड सोडली नाही.

मनोरीच्या धक्क्याजवळ एक कोळीण बसली होती. तिच्या पाटीत करली होती. मला दिसली नाही, वासानेही कळली नाही, तिनेच हाक मारून सांगितलं. मी कल्ला उघडून बोट घातलं, पोट दाबलं, ताजी होती. सून मागून म्हणाली, आई, सुरमई घेतली आहे ना आपण, पुरे की. मी म्हटलं, करली मला आणि माझ्या मुलाला, तुझ्या मुलीला तुझी सुरमई. असं 'तुझी सुरमई' म्हणताना मला बरं वाटलं, हे कबूल करते.

बंगला राखणाऱ्या बाईने चूल पेटवून भात टाकला होता. करली मीच कापली. तिच्या स्वयंपाकघरात एक छोटी खिडकी, त्यातून येईल तेवढाच उजेड. चरे पाडताना मला पहिल्यांदा शंका आली. रोज बोटाखाली ज्या अंतराने चरे पडतात तसे पडत नव्हते. सुरी परकी होती, पाटही परका. एकदा वाटलं, मुलाला हाक मारावी आणि म्हणावं, जरा बघ रे, सगळीकडे नीट कापलंय का. पण मग तो विचारणार, तुला दिसत नाही का? मी तशीच मसाला चोळून तुकड्या तव्यात सोडल्या.

जेवायला बसलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. सून समुद्रावर भिजून आली होती, म्हणून आधी आंघोळीला गेली. मुलगा दोन घास खाऊन फोन आला म्हणून अंगणात गेला. ओसरीवर नात आणि मी. तिच्या ताटात सुरमईची तुकडी तशीच पडली होती. ती माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "आजी, तू पप्पाला देतेस ते मला पण दे ना."

मी वाट कसली बघते. करलीचा घास घेतला, बोटांनी चाचपला, दोन काटे लागले ते काढले, भातात कालवून भरवला. तिने डोळे मोठे केले असणार. मला तिच्या आवाजावरूनच कळलं. अजून दे, म्हणाली. दुसरा दिला, तिसरा दिला. सून बाहेर यायच्या आत तुकडी संपवायची असं आम्हा दोघींचं न बोलता ठरलं होतं. तिसऱ्यापासून मी घाई केली.

चौथा घास तोंडात गेला आणि ती गप्प झाली. खोकली नाही, रडली नाही. बराच वेळ काहीच आवाज येईना तेव्हा मी वाकून तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं. "आजी," ती हळू म्हणाली, "टोचतंय."

आमच्यात काटा अडकला की काय करायचं हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. सुक्या भाताचा गोळा करायचा आणि न चावता गिळायला लावायचा. काटा भाताबरोबर खाली जातो. मी तेच केलं. "गिळ माझ्या बाय, चावू नको. काय होवचा नाय." तिने गिळला. गेला का? नाही म्हणाली. मोठा गोळा केला. तो गिळताना ती कळवळली, तरी मी सोडलं नाही. चार गोळे झाले. मग केळं आणलं, त्याचे मोठमोठे तुकडे गिळायला लावले. शेवटच्या तुकड्याला तिने मान फिरवली आणि माझ्या हातावर थुंकली. हात ओला लागला. बंगल्याची बाई पाणी घेऊन आली होती, ती वाकून बघत म्हणाली, बाई, रक्त हाय.

नातीने तोंड मिटायचं बंद केलं होतं. लाळ हनुवटीवरून गळत होती, गिळायला दुखतंय म्हणून ती गिळतच नव्हती. श्वास नीट चाललाय का, हे बघायला मी तिच्या छातीवर हात ठेवला. चालला होता, पण माझ्या हाताखाली तिची छाती पाखरासारखी उडत होती.

सून केस पुसत आली आणि तिने काय झालं विचारलं. मी म्हटलं, सुरमईचा काटा अडकला वाटतं.

ते वाक्य मी कसं बोलले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. ठरवून नाही बोलले. तोंडातून आधी निघालं, मग मला ऐकू आलं. आणि एकदा निघाल्यावर मी हळूच माझं ताट बाजूला सरकवलं. बंगल्याच्या बाईने ते पाहिलं असेल. ती पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली.

मुलाने पोरीला उचललं आणि आम्ही गावातल्या डॉक्टरकडे धावलो. रविवार असूनही डॉक्टर घरी होते, घराच्याच पुढच्या खोलीत दवाखाना. त्यांनी बॅटरी लावून, जीभ दाबून बराच वेळ बघितलं. कुठला मासा, विचारलं. सून म्हणाली, सुरमई. डॉक्टर म्हणाले, मग काळजी नको. सुरमईचा काटा जाड असतो, इथे असता तर मला दिसला असता. जाताना घासून गेला असेल, घसा खरचटलाय. संध्याकाळपर्यंत बघा, गार दूध द्या, बरं वाटेल. मुलाने मोठा श्वास सोडला. सुनेने नाक ओढलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, घाबरू नका तुम्ही. बसा जरा."

मी बसले. सगळे निघायच्या तयारीत होते. नात वडिलांच्या खांद्यावर, तिची लाळ त्याच्या शर्टावर. मला माहीत होतं की काटा आत आहे. करलीचा काटा बॅटरीने दिसत नाही. तो मांसात शिरतो आणि दर गिळण्याला आणखी आत जातो. हे मला गावातल्या कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. आणि ते बोलले तर ही पोर मला परत कधी भरवायला मिळणार नाही, हेही माहीत होतं. मी इतकी घाबरले होते की दोन्हींपैकी कशाला जास्त घाबरले होते ते आज सांगता येत नाही. लाज वाटते, पण दाराशी जाईपर्यंत मी गप्प होते. मग नातीने गिळायचा प्रयत्न केला आणि तिच्या घशातून एक बारीक आवाज आला.

"करली होती, डॉक्टर," मी म्हटलं. "मी भरवली. वर चार गोळे भातही गिळायला लावला."

डॉक्टर एकदम उठले. त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, आधी का नाही सांगितलं, भाताने काटा आत ढकलला जातो, आता काही खायला प्यायला देऊ नका, दूधही नाही, पहिल्या बोटीने पलीकडे जा आणि घशाचे डॉक्टर असतील अशा हॉस्पिटलात न्या. त्यांनी कागदावर काहीतरी लिहून दिलं. सून माझ्याकडे बघत होती की नाही, मला माहीत नाही. तिचा चेहरा मला तेवढ्या अंतरावरून दिसत नव्हता, आणि आयुष्यात एकदाच मला त्या मोतीबिंदूचं बरं वाटलं.

धक्क्यावर आलो तर बोट पलीकडे. ओहोटी लागली होती, चिखल उघडा पडला होता. भरल्याशिवाय ती सोडत नाहीत, म्हणून मुलगा फोनवर फोन करून कोणाला तरी ओरडत होता. सून पोरीला घेऊन फळीवर बसली. मी शेजारी जाऊन बसले तर ती उठली नाही, पण पोरीला तिने दुसऱ्या खांद्यावर घेतलं. बोट आली तेव्हा मला पाणी आणि फळी यातलं काहीच दिसत नव्हतं, तरी या वेळी मी अडले नाही. पडले असते तर पडले असते. खाडी ओलांडताना मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण मला फक्त ती चौथ्या घासाची घाई आठवत राहिली.

मालाडच्या हॉस्पिटलात घशाच्या डॉक्टरीणबाईंना घरून बोलवावं लागलं. त्यांनी नळीने बघितलं आणि काटा आहे म्हणाल्या, जिभेच्या मुळाशी, खोल. लहान मूल हलणार, म्हणून भूल देऊन काढावा लागेल. शेवटचं कधी जेवली? किती? सुनेने माझ्याकडे तोंड केलं. मला सगळं परत सांगावं लागलं: करलीचे चार घास, चार गोळे भात, एक अख्खं केळं. बाई म्हणाल्या, पोट इतकं भरलेलं असताना भूल दिली तर उलटी फुप्फुसात जाऊ शकते. श्वासाला धोका नाही तोवर थांबायचं. जेवणापासून सहा तास. संध्याकाळी साडेसातपर्यंत.

तेव्हा तीन वाजले होते. म्हणजे ते साडेचार तास माझ्या भाताने लावले होते.

ते तास कसे गेले ते मी लिहू शकणार नाही. नात मधूनच झोपायची आणि लाळ घशात गेली की दचकून उठायची. दर वेळी मी तिचा श्वास ऐकायला कान लावायचे. नर्स येऊन बोटाला चिमटा लावून जायची आणि ऑक्सिजनचा आकडा चांगला आहे असं म्हणायची, तो मला दिसायचा नाही, म्हणून मी मुलाला विचारायचे, तो सांगायचा. पाचव्या वेळी तो खेकसला, "आई, समोर तर आहे, बघ ना यार." साडेपाचला नातीने पाणी मागितलं. आईने नाही म्हटलं, वडिलांनी नाही म्हटलं. मग तिने माझ्याकडे हात केला. आजी, तू दे. घरी सगळ्यांनी नाही म्हटलं की ती माझ्याकडे येते आणि मी देते, अशी आमची पद्धत. मी तिला नाही म्हटलं. ती रडली, आणि रडताना तिला दुखलं म्हणून आणखी रडली. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

साडेसातला तिला आत नेलं. दार बंद झालं. मुलगा येरझाऱ्या घालत होता. सून बाकावर माझ्यापासून दोन हात दूर बसली होती. भूल देताना काही झालं तर, हे आम्ही तिघंही मनात म्हणत होतो.

वीस मिनिटांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. निघाला, म्हणाल्या, मुलगी छान आहे, अर्ध्या तासात शुद्धीवर येईल. मुलगा भिंतीला टेकून खालीच बसला. बाईंच्या हातात काटा घातलेली औषधाची छोटी बाटली होती. त्यांनी ती दिव्यापुढे धरली. मुलगा म्हणाला, बाप रे, एवढासा? सून वाकून बघत राहिली. मग बाईंनी बाटली माझ्यापुढे धरली. बघा आजी, दुभंगलेला आहे, म्हणून रुतला. दिसला ना?

मी बाटलीकडे बघितलं. दिवा दिसला, तोही पसरलेला. हो म्हणणं सोपं होतं. सहा महिने मी तेच करत आले होते.

"नाही," मी म्हटलं. "मला दिसत नाही. सहा महिने झाले, मला फारसं काहीच दिसत नाही."

डॉक्टरीणबाईंनी बाटली खाली घेतली. मुलगा काहीतरी बोलायला लागला, तर सुनेने त्याला हाताने थांबवलं. मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होते. तिचा हक्क होता.

"सहा महिने," ती म्हणाली. "आणि रोज सकाळी तो रस्ता कसा ओलांडत होता तुम्ही?"

"आवाजावर," मी म्हटलं. "गाडी जवळ आली की कळतं."

ती माझ्या शेजारी येऊन बसली. ती आता आतल्या दाराकडे बघत नव्हती. काट्याचं तिच्या डोक्यातून गेलं होतं. ती त्या सगळ्या सकाळी मोजत असावी. मीही मोजायला लागले. इतके दिवस मी ओलांडून झालेला रस्ता मोजत होते, रोज म्हणत होते, आजही निभलं. न निभण्याचा दिवस मी कधी मोजलाच नव्हता.

"पोर तक्रार करायची माझ्याकडे," सून म्हणाली. "आजी माझा हात खूप दाबते, दुखतो म्हणायची. मला वाटायचं, लाडाने धरता तुम्ही."

"भीतीने गं," मी म्हटलं. "रोज भीतीनेच धरायचे."